तरंगणारा उंदीर

"मॅडम, त्या उंदराला जे देतात, ते याला नाही का देता येणार?"

वडिलांनी विचारलं तेव्हा मुलगा खिडकीबाहेर बघत होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) तो एम.फार्म.चा विद्यार्थी. नैराश्यावरची औषधं तपासताना उंदराला पाण्याच्या काचपात्रात सोडायचं आणि सहापैकी शेवटच्या चार मिनिटांत तो किती वेळ नुसता तरंगतो, ते मोजायचं, हे त्याचं काम. एक दिवस त्याला वाटलं, आपलंही हेच चाललंय. झोप गेली, मेसचा डबा न उघडता परत जाऊ लागला.

'मेंदूत काहीतरी कमी पडलंय, तेवढं भरून द्या' हे माझ्याकडे नेहमी ऐकू येतं. वडिलांनी तर मोबाइलवर 'पेप्टाइड' (प्रथिनासारखाच, पण छोटा रेणू) शोधून ठेवलं होतं. प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. नागपूरच्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं, की एकटे वाढवलेले उंदीर पाण्यात जास्त वेळ निश्चल राहतात आणि 'कार्ट' नावाचं पेप्टाइड दिलं की निश्चलता कमी होते. पण ते दिलं होतं थेट मेंदूत. गिळलं तर पोटातच पचून जाईल. शिवाय उंदराला लागू पडलेलं माणसाला पडेलच असं नाही. 'सबस्टन्स पी' या पेप्टाइडला अडवणाऱ्या औषधाने 1998 मध्ये नैराश्यावर मोठी आशा दाखवली. पुढच्या मोठ्या चाचण्यांत ते टिकलं नाही. आज ते केमोथेरपीतल्या उलट्यांवर देतात!

मरणाचे विचार येतात का, हे मी मुलाला सरळ विचारलं. "मरावंसं नाही वाटत. काहीच नाही वाटत." मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. गोळी सुरू झाली.

पुढच्या भेटीत मी म्हटलं, "तरंगणारा उंदीर हरलाय, हे कुणी ठरवलं?" 1977 मध्ये ही चाचणी आली तेव्हा त्याला हताशा म्हटलं गेलं. आता बरेच जण म्हणतात, सुटका नाही हे कळल्यावर तो ताकद राखून ठेवतो. मुलगा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला, "आमच्या लॅबमध्येही यावरून वाद होतात." मग बराच वेळ बोलत राहिला. रूममेट दिवाळीनंतर परतलाच नव्हता, हे त्यातच निघालं.

वडील पुन्हा पेप्टाइडवर आले, तेव्हा त्यानेच त्यांना थांबवलं.

"बाबा, ते उंदीर एकेकटे ठेवले होते."

वडील जरा गप्प बसले. मग म्हणाले, "खोलीत दुसरा कुणी बघू का रे?"