वीरगळ: गळा नव्हे, मासे धरायचा गळही नव्हे

खानापूर भागातल्या एका वाचकाने विचारलंय की गावच्या कमानीपाशी चौक नवीन केलाय, कारंजं, लाइटिंग, मधे तलवार उपसलेल्या घोडेस्वाराचं फायबरचं शिल्प, आणि खाली पाटी 'वीरगळ'. तर हा शब्द इथं चालतो का? आणि पत्रिकेवर 'सौंदर्यीकरण' छापलंवतं, ते बरोबर की 'सुशोभिकरण'?

दुसरं आधी उरकतो. सुशोभीकरण, भी दीर्घ. जे तसं नव्हतं ते तसं करायचं यासाठी संस्कृतात च्वि नावाचा प्रत्यय आहे, तो स्वतः अख्खा गायब होतो आणि मागे फक्त ती दीर्घ ई ठेवून जातो, तर आमचे लोक तेवढी खूणही ऱ्हस्व करून पुसतात. सौंदर्यीकरण तर सोडाच, चौक सुंदर करायचाय, चौकाचं सौंदर्य नावाच्या गुणात रूपांतर नाही करायचं. उद्या शुद्धीकरणाला शुद्धतीकरण म्हणाल! २०१६ च्या जानेवारीत बेळगाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं तेव्हापासून हे दोन शब्द ऐकून कान किटलेत.

आता वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. 'वीराने गळा कापून दिला म्हणून वीरगळ' असं सांगणारे गाईड मी स्वतः ऐकलेत, माइकवर. अरे बाबा, बेळगावात राहून कन्नड 'कल्लु' माहीत नाही? कल्लु म्हणजे दगड. वीर + कल्लु, वीरगल्लु. क चा ग का झाला तर कन्नडात समासात दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीचा क मऊ पडतो, मळे म्हणजे पाऊस अधिक काल, झालं मळेगाल, पावसाळा. मैल तर इंग्रजांचा, त्यालाही सोडलं नाही, मैलाचा दगड म्हणजे मैलिगल्लु. शेजारच्या अक्कांना विचारा, नियम सांगता येणार नाही पण बोलताना एकदाही चुकणार नाहीत.

आणि खरी गंमत पुढेच आहे. गल्लु मधे ल जोड आहे, मग आपल्याकडे ळ कुठून आला? मराठीची जुनी सवय बघा, संस्कृतातला एकटा ल असला की ळ होतो, फल-फळ, कमल-कमळ, आणि जोड असला की ल च राहतो, भल्ल-भाला, पल्लव-पालवी. म्हणजे 'कल्लु' वरून घेतला असता तर आपण 'वीरगल' म्हणालो असतो. हळगन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात, दगडाला नुसतं 'कल्' म्हणायचे, एकटा ल! तेव्हा माझं म्हणणं असं की शब्द तेव्हाच इकडे आला, दगड घडवणाऱ्या पाथरवटांच्या तोंडून, आणि थेट बोरिवलीजवळच्या एकसरपर्यंत गेला, जिथल्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलीय. कन्नड शब्द मुंबईत, अन् भांडणं आमच्याकडे.

इथं काही अभ्यासक मला अडवतात ते गधेगाळवरून. दान मोडणाऱ्याला गाढवाची घाण शिवी कोरलेला दगड, तर त्यातलं गाळ म्हणजे 'गाळी', शिवी, असं त्यांचं ठाम मत. मला नाही पटत. गाय-वासरू कोरलेल्या दानाच्या दगडाला धेनुगळ म्हणतात, तिथं कुणी गाईवरून शिवी देऊलंय काय? तिथं गळ म्हणजे दगडच, मग गाढवापाशी आल्यावर अर्थ कसा बदलतो? धेनुगळ हा शब्द वीरगळावरून मागाहून पाडला असं कोणी म्हणेल, म्हणू देत.

हां, तुमचा प्रश्न. नाही चालत. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या एकाची आठवण, आणि तो खालून वर वाचायचा असतो, तळाला लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून, डोक्यावर चंद्र-सूर्य. माणूसच पाहिजे असंही नाही, कर्नाटकातल्या आतकूरला ९४९ च्या सुमारास रानडुकराशी झुंजताना मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्यासाठी दगड उभा केला. आणि बेगूरच्या सुमारे ८९० च्या वीरगळावर 'बेंगळूरु' हे नाव येतं, त्या शहराच्या नावाचा सगळ्यात जुना पुरावा अशा एका दगडावर आहे, कारंज्यावर नाही. हे दगड वेशीत, देवळाच्या दारात, येताजाता माणसाच्या नजरेला येतील असे उभे असायचे, पोरं टेकून बसायची. आता बारा फुटी चौथरा, भोवती स्टीलचं ग्रिल, खाली देणगीदारांची नावं, आणि घोडेस्वाराचा चेहरा बघायचा तर समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जायला पाहिजे. तुमच्या पाटीवर 'अश्वारूढ शिल्प' लिहा, झालं.

परवा असाच एक नवीन केलेला चौक बघायला गेलोवतो तर खरा वीरगळ कचराकुंडीमागे सरकवलेला, वरून चॉकलेटी ऑइलपेंट. अप्सरांची नाकं रंगात बुजलीत, वीराची ढाल आणि घोड्याचं पोट एकच झालंय, फक्त वरची चंद्रकोर तेवढी बोटाला लागते. विचारलं तर काम करणारा म्हणतो, "सुशोभीकरणात रंगवला की ओ." उच्चार मात्र दीर्घ केला पठ्ठ्याने.

आणि तो वीरगळ की ती वीरगळ? दोन्ही ऐकू येतं, मी 'तो' म्हणतो, दगड आहे म्हणून. तुमच्या गावातल्याचा फोटो असला तर पाठवा, रंग द्यायच्या आधीचा.