सणाशिवाय फटाके कशासाठी?

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त टोकियोत असतो आणि येत्या जुलैअखेर आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. तिथे आतषबाजी उन्हाळ्यात होते, असे तो कळवतो. दिवाळीसारखा सण नसताना हे कशासाठी? आणि आम्ही नेमके काय पाहावे?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : सण नसला तरी निमित्त आहे, आणि ते बरेचसे पितरांच्या स्मरणाशी जोडलेले आहे. १७३२ च्या दुष्काळात व साथीत दगावलेल्यांसाठी १७३३ मध्ये टोकियोतल्या सुमिदा नदीवर विधी झाला आणि तेव्हापासून तिथली आतषबाजी सुरू झाली, असे परंपरा सांगते. नागाओका शहरात तर १ ऑगस्ट १९४५ च्या बॉम्बहल्ल्यातील मृतांची आठवण म्हणून दरवर्षी २ आणि ३ ऑगस्टला दारूकाम होते. शिवाय उकाड्यात नदीकाठी वाऱ्याला बसण्याची जुनी हौस आहेच.

सुमिदाची आतषबाजी सहसा जुलैच्या शेवटच्या शनिवारी असते आणि त्या संध्याकाळी सुमारे वीस हजार गोळे उडतात. जपानी गोळा आकाशात सर्व बाजूंनी सारखाच गोल फुलतो, त्यामुळे कोणत्याही काठावरून पाहिला तरी शेवंतीचे पूर्ण फूलच दिसते. चांगल्या गोळ्याला लोक ‘तामाया!’, ‘कागिया!’ अशी दाद देतात. ही जुन्या दारूकाम करणाऱ्या दोन घराण्यांची नावे असून, त्यांपैकी तामाया आगीच्या प्रकरणात १८४३ मध्ये शहराबाहेर घालवले गेले, तरी त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. गर्दीबद्दल गिरगावकरांना वेगळे काय सांगावे? अनंत चतुर्दशीची चौपाटी आठवून दुपारीच निघावे.

माझ्या मते मात्र खरी गंमत ‘सेन्को हानाबी’ या हातात धरायच्या छोट्या जपानी फुलबाजीत आहे. हाना म्हणजे फूल आणि बी म्हणजे आग; आपल्या फुलबाजीतही फूल आहेच, पण आपली तारेवरची, तर ही कागदाच्या पिळाची असते. ती टोक खाली करून धरतात, टोकाशी लालबुंद थेंब जमतो आणि त्यातून ठिणग्यांची रूपे पालटत जातात : आधी पिओनीचे फूल, मग पाइनच्या सुया, मग विलोच्या झुकत्या फांद्या आणि अखेरीस गळत्या शेवंतीच्या पाकळ्या. हात जरा हलला की थेंब गळून पडतो, म्हणून एरवी गलका करणारी मुलेही श्वास रोखून बसतात. बऱ्याच उद्यानांत फटाक्यांना मनाई असल्याने जागा मुलाला आधीच विचारून ठेवायला सांगा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा.