मीटरला मूर्ती दिसत नाही : फोटोग्राफी शिकणाऱ्यांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं वर्गाच्या सहली आणि प्रकल्पांबद्दलची आहेत. पत्र पाठवताना एक करा : बिघडलेल्या फोटोचं शटर (उजेड किती सेकंद आत आला), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफ/ पुढचा आकडा मोठा तितकं भोक लहान), आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) आणि लेन्सची फोकल लेंग्थ (मिलिमीटरमध्ये; जास्त तितकं लांबचं मोठं दिसतं) हे चार आकडे लिहा. फाइलच्या माहितीत ते मिळतात. नुसतं ‘फोटो नीट आला नाही’ म्हटल्यावर आम्हाला अंदाज बांधावा लागतो. आकडे असले की दोष कुठे झाला ते बहुधा लगेच कळतं. म्हणून सहलीवरून परत येताना गाडीतच बिघडलेले फोटो पुसत बसू नका.

प्रश्न : ‘एक कारागीर, दहा फोटो’ या प्रकल्पासाठी पेणच्या एका गणपती कारखान्यात गेले होते. रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती सगळ्या करड्या आल्या. काही फोटोंत आडवे काळपट पट्टे आहेत. आणि डोळ्यांची आखणी करतानाचा जवळून घेतलेला फोटो अंधुक आहे. कॅमेरा बिघडला असेल का? (विद्यार्थिनी, पनवेल)

कॅमेरा ठीक आहे. तिन्ही दोषांची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेऊ.

करड्या मूर्ती : कॅमेऱ्याच्या मीटरला समोर मूर्ती आहे की कोळसा हे कळत नाही. त्याला फक्त उजेड मोजता येतो, आणि समोर जे असेल ते सरासरी मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोला किती उजेड द्यायचा ते ठरवतो. फ्रेमभर पांढऱ्या मूर्ती असल्या की ‘उजेड फार झाला’ असं समजून तो फोटो काळवंडवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) +१ वर ठेवून सुरुवात करा. मूर्तींनी पूर्ण फ्रेम भरली असेल तर +१.७ पर्यंत जा. दर वेळी हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) पाहा : डोंगर उजवीकडे सरकायला हवा, पण उजव्या भिंतीला टेकता कामा नये. टेकला की मूर्तीच्या गालावरचा, सोंडेवरचा उतार सपाट पांढरा होतो आणि तो नंतर परत आणता येत नाही. शाडूची मूर्ती मुळातच फिकट करडी असते. तिला +०.७ पुरतं. मागे अंधारा कोपरा आणि पुढे एकटी पांढरी मूर्ती असेल, तर गणित उलटं होतं आणि उणे बाजूला जावं लागतं.

पट्टे : आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण शटर १/२५० किंवा त्याहून जलद असेल, तर सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या पट्टीच्या) वरच्या ओळींना प्रखर क्षण मिळतो, खालच्यांना मंद, आणि त्याचे पट्टे उमटतात. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर हा त्रास सर्वांत जास्त होतो. ते बंद करा आणि शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवा. म्हणजे प्रत्येक ओळीला दिव्याचं पूर्ण आवर्तन मिळतं. कारखान्यात शिरल्याबरोबर कोऱ्या भिंतीचा एक फोटो १/५०० वर काढून पाहिला, तर तिथले दिवे कसे आहेत ते अर्ध्या मिनिटात कळेल.

आखणीचा फोटो : तुमच्या आकड्यांनुसार ५० मिलिमीटरची लेन्स, एफ/१.८ आणि अंतर साधारण अर्धा मीटर. एपीएस-सी सेन्सरवर (फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान असलेल्या नेहमीच्या मापाच्या) एवढ्या अंतराला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम पाऊण सेंटिमीटर असते. ब्रशाचं टोक फोकसमध्ये आलं आणि मूर्तीचा डोळा, कारागिराचा चेहरा दोन्ही सुटले. एफ/४ वर ती खोली दीड सेंटिमीटरच्या आसपास जाते. त्याहून चांगला उपाय म्हणजे बाजूने उभं राहणं, म्हणजे ब्रश आणि मूर्तीचा डोळा कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतील. चेहराही स्पष्ट हवा असेल तर मीटरभर मागे सरून एफ/५.६ वर जा आणि आयएसओ १६०० किंवा ३२०० करा. दाणे आले तरी चालतील. या कामाच्या वेळी फ्लॅश मात्र अजिबात नको. आखणी हे मूर्तीचं सर्वांत नाजूक काम, तिथे दचकलेला हात मागे घेता येत नाही.

रंगांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या खेपेला प्रश्न येईलच. दारातून येणारा दिवसाचा उजेड निळसर असतो, ट्यूबचा बऱ्याचदा हिरवट. दोन्ही एकाच मूर्तीवर पडले की कोणतंही व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) दोघांना सावरू शकत नाही. कारागिरांना विचारून त्या कोपऱ्यातली ट्यूब पाच मिनिटं बंद करता येते का पाहा, नाहीतर दारापासून लांबची जागा निवडा. उजेडाचा उगम एकच असू द्या. आणि फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या रूपात ठेवा.

प्रश्न : भिगवणला वर्गाची सहल होती. नावेतून ७०–३०० मिलिमीटरच्या लेन्सने रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे ३०० फोटो काढले, त्यातले २८० अस्पष्ट. शटर १/४०० होतं. ट्रायपॉड न्यायला हवा होता का? (बारामती)

नावेत ट्रायपॉडचा उपयोग नाही. नाव हलते तसा तोही हलतो, उलट इंजिनची थरथर थेट कॅमेऱ्यात जाते.

ते २८० फोटो संगणकावर पूर्ण मोठे करून पाहा आणि चार ढीग करा. फ्रेममधली प्रत्येक गोष्ट एकाच दिशेला फरफटलेली असेल, तर हात किंवा नाव हललेली आहे. पाण्यातलं गवत स्पष्ट आणि पंखांची टोकं फक्त पुसलेली असतील, तर पक्ष्याच्या वेगाला शटर अपुरं पडलं. पक्षी अंधुक पण त्याच्या पुढची किंवा मागची लाट टोकदार असेल, तर फोकस चुकला. आणि सगळं चित्र उकळत्या पाण्यापलीकडून पाहिल्यासारखं लिबलिबीत दिसत असेल, तर ते हवेचं काम आहे.

पहिल्या दोन ढिगांवर उपाय एकच, जलद शटर. ३०० मिलिमीटर आणि १.५ पट क्रॉप (लहान सेन्सरमुळे चित्र तेवढं कापलं जातं), म्हणजे जमिनीवर उभं राहूनसुद्धा किमान १/४५० लागतं. नावेत १/१००० च्या खाली उतरू नका, आणि उडत्या पक्ष्यांसाठी १/१६०० ते १/२००० ठेवा. सकाळच्या उन्हात आयएसओ ४०० ते ८०० वर हे सहज जमतं. ऑटो आयएसओ लावून त्याची वरची मर्यादा ३२०० ठेवलीत, तर प्रत्येक ढगामागे आकडे बदलत बसावं लागणार नाही.

तिसऱ्या ढिगासाठी फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर घ्या. एकट्या पक्ष्यासाठी मधला एक बिंदू किंवा लहान गट निवडा. सगळे बिंदू चालू ठेवले की कॅमेरा बहुतेक वेळा सर्वांत जवळच्या, ठळक वस्तूला धरतो, आणि ती नावेची कडही असू शकते.

चौथ्या ढिगावर कोणतंच शटर चालत नाही. ऊन वर आलं की पाण्यावरची आणि काठावरची हवा असमान तापते आणि लांबच्या पक्ष्याकडून येणारा प्रकाश वाटेत सतत वाकत राहतो. महागडी लेन्ससुद्धा इथे हरते. उपाय दोनच : उजाडताच पाण्यावर असणं आणि अंतर कमी असणं. अंतर कमी करायचं म्हणजे नावाड्याला थव्यात घुसायला सांगायचं, असं मात्र नाही. चरणारे पक्षी माना वर करून एका दिशेला चालू लागले, की ते उडायच्या बेतात आहेत. तिथेच इंजिन बंद करून थांबा. शांत बसलेल्या नावेच्या जवळ पक्षी पुष्कळदा स्वतःच चरत येतात.

प्रश्न : कार्ल्याच्या चैत्यगृहात आतला फोटो घेतला की खिडकी पांढरीफटक, खिडकी सांभाळली की खांब काळे. ट्रायपॉड लावू दिला नाही. (पुणे)

संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला आधी परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे वर्गाचं पत्र वेळेत पाठवा. नाही मिळाली तरी काम होतं.

हे चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे. सकाळी गेलात तर आत नुसता अंधार. दुपार ढळल्यावर सूर्य समोर येतो, दारावरच्या त्या मोठ्या कमानदार खिडकीतून प्रकाश आत शिरतो आणि खांबांच्या शिरोभागांवर कोरलेल्या आकृतींच्या जोड्या उठून दिसू लागतात. सहलीची वेळ याच हिशेबाने ठरवा. बसच्या सोयीने ठरवू नका. मग दाराकडे पाठ करून स्तूपाकडे तोंड करा. खिडकी फ्रेममध्येच येणार नाही आणि तुमची अडचण तिथेच संपेल. वर पाहायला विसरू नका, छताच्या लाकडी फासळ्या मूळच्या आहेत.

कमान आणि खांब दोन्ही एकाच फोटोत हवेच असतील, तर कॅमेरा स्वतःच्या पिशवीवर जमिनीवर टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि खिडकीसाठी, मधला, खांबांसाठी असे दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो घ्या. नंतर ते एकत्र करता येतात. खांबाला किंवा शिल्पाला कॅमेरा टेकवू नका. हातात धरायचा असेल तर १८ मिलिमीटर, एफ/४, आयएसओ १६०० आणि १/१५. कोपर छातीला लावा, श्वास सोडून थांबा आणि लागोपाठ तीन घ्या. मधला बहुधा सर्वांत स्थिर येतो, कारण बटण दाबण्याचा आणि सोडण्याचा झटका कडेच्या दोघांना बसतो.

प्रश्न : शाळेत पिनहोल (लेन्सऐवजी सुईच्या भोकाचा) कॅमेरा करायचा आहे. मागच्या वर्षी सगळे कागद कोरे किंवा काळे निघाले. मुलं हिरमुसली. नेमकी मापं द्याल का? (कलाशिक्षक, सांगली)

जरूर. दूध पावडरचा, घट्ट झाकणाचा, सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या. आतून काळा मॅट रंग द्या, चकचकीत काळा नको. बाजूच्या मध्यावर अर्ध्या सेंटिमीटरचं भोक पाडा.

खरं भोक वेगळ्या पत्र्यात. शीतपेयाच्या रिकाम्या कॅनचा दोन सेंटिमीटर चौकोन कापा, पुठ्ठ्यावर ठेवून बारीक सुईचं नुसतं टोक रुतवा, सुई आरपार घालू नका. मागे आलेला उंचवटा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पुन्हा टोक हलकेच फिरवा. भोक ०.४ मिलिमीटर हवं. मोजायचं असं : पत्रा १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करा, भोक १९ पिक्सेल रुंद दिसलं की बरोबर. मोठं झालं तर चित्र अंधुक होतं, फार लहान झालं तर भोकाच्या कडेने प्रकाश पसरून पुन्हा अंधुकच. हा तुकडा आतून काळ्या चिकटपट्टीने लावा, बाहेर त्याच पट्टीचं उघडझाप करता येणारं झाकण करा.

भोकापासून कागद १० सेंटिमीटर, म्हणजे (१०० मिलिमीटर भागिले ०.४) हा कॅमेरा एफ/२५० झाला. ब्लॅक अँड व्हाइट फोटो पेपरचा वेग आयएसओ ३ ते ६ धरा. स्वच्छ उन्हात एफ/१६ ला १/आयएसओ सेकंद हा जुना नियम लावला, तर ४० ते ८० सेकंद येतात. एका मिनिटापासून सुरुवात करा. ढगाळ हवेत चार मिनिटं, दाट ढगांत आठ. या कागदाला लाल रंग जवळपास दिसत नाही, म्हणूनच तो लाल दिव्यात हाताळता येतो. पण त्यामुळेच लाल विटांची भिंत फोटोत काळी येते, हे मुलांना आधी सांगून ठेवा.

मागच्या वर्षीचे कागद जपून ठेवले असतील तर दोष वाचता येईल. डेव्हलप केल्यावर पूर्ण कोरा कागद म्हणजे भोक बंद राहिलं, किंवा कागद उलटा लागला. प्लास्टिक थराच्या ग्लॉसी कागदाची चकचकीत बाजू भोकाकडे हवी. सर्वत्र सारखा काळा म्हणजे कागद भरताना-काढताना उजेड लागला किंवा वेळ फार झाला. एका कडेपासून आत शिरलेला काळा फराटा म्हणजे त्या बाजूचं झाकण किंवा पट्टी सैल आहे.

डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) २० अंशांचा हवा. आपल्याकडे मार्चनंतर नळाचं पाणीच त्याहून गरम असतं, मग कागद झपाट्याने काळा पडतो आणि घाबरून लवकर बाहेर काढला जातो. चित्र डागाळलेलं, मळकट राहण्याचं हे नेहमीचं कारण. डेव्हलपरचा ट्रे बर्फाचं पाणी असलेल्या मोठ्या ट्रेमध्ये ठेवा आणि कागद पूर्ण दीड मिनिट हलवत राहा. मग स्टॉप बाथ (उमटणं थांबवणारा), फिक्सर (चित्र पक्कं करणारा) आणि वाहत्या पाण्यात धुणं. चिमटे प्रत्येक ट्रेचे वेगळे, कारण फिक्सरचे थोडे थेंबही डेव्हलपर बिघडवतात. रसायनं शिक्षकांनीच कालवावीत, मुलांना हातमोजे द्यावेत. प्रत्येक कागदाच्या मागे एक्स्पोजर करण्याआधी पेन्सिलने डब्याचा क्रमांक आणि सेकंद लिहायला लावा.

प्रश्न : धबधब्याचं पाणी दुधासारखं यावं म्हणून एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) घ्यावाच लागेल का? (सातारा)

लगेच नको. दाट ढग असताना किंवा संध्याकाळी झाडीत आयएसओ १०० आणि एफ/१६ ला १/४ ते १/२ सेकंद बहुधा मिळतो, आणि पाण्याला तेवढं पुरतं. एफ/२२ वर जाऊ नका, सगळं चित्र मऊ पडतं. फिल्टर घ्यायचाच असेल तर सहा स्टॉपचा घ्या, तो १/१२५ चा १/२ करतो. त्याआधी पोलरायझर (चमक अडवणारा फिल्टर) घेतला तर मला जास्त योग्य वाटेल : तो दीड स्टॉप खातो आणि ओल्या दगडांवरची, पानांवरची चमकही काढतो. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा उघडू नका, लेन्सवर वाफ धरते. बंद पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या.

प्रश्न : प्रकल्पासाठी ४०० फोटोंतून दहा कसे निवडायचे? (कोल्हापूर)

आधी दोन दिवस पाहू नका. मग पहिल्या फेरीत ४० ठेवा आणि त्यांच्या पोस्टकार्डाएवढ्या साध्या प्रती काढून जमिनीवर मांडा. पडद्यावर एका वेळी एकच फोटो दिसतो, त्यामुळे एकाच हाताचे पाच क्लोजअप झालेत हे लक्षात येत नाही. जमिनीवर ते पाहताक्षणी कळतं. जागा सांगणारा, माणूस सांगणारा, काम सांगणारा आणि हत्यार किंवा वस्तू सांगणारा असा प्रत्येक प्रकारचा किमान एक तरी हवा. त्यातला एखादा नसेल, तर उरलेल्यांतून ओढूनताणून दहा पूर्ण करू नका. त्या एका फोटोसाठी पुन्हा त्या जागी जा, आणि जाताना कारागिरासाठी त्याच्या स्वतःच्या फोटोची एक प्रत घेऊन जा.