निगेटिव्ह फोटोग्राफरची, कागद कंपनीचा, मग डार्करूममध्ये फोटो छापणाऱ्याचं कौशल्य ते कसलं?

तुम्ही विचारलंय की ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट छापणाऱ्याच्या हातात नेमकं काय असायचं, आणि हे काम आज शिकता येईल का. हातात असायची ती चेहऱ्याची छटा. 1980 च्या दशकात मी कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजूला एका स्टुडिओत नगावर छपाई करायचो. हा माणूस कागदावर किती सावळा उतरवायचा, एवढंच दिवसभर ठरवायचं असे.

आमच्याकडे ते अवघड होतं, कारण फेटा. राधानगरी, गगनबावड्याकडनं येणारं गिऱ्हाईक म्हणजे उन्हात रापलेला चेहरा, वर पांढराशुभ्र फेटा, अंगात पांढरा सदरा. निगेटिव्हवर हे सगळं उलटं. फेटा काळाकुट्ट, चेहरा जवळजवळ पारदर्शक. छापताना निगेटिव्हमधून जितका उजेड पडेल तितका कागद काळा होतो. चेहऱ्यापुरता उजेड दिला की फेट्याच्या जागी नुसता कोरा कागद राहतो, आणि फेट्याच्या घड्या दिसेपर्यंत दिला की चेहरा काळा ठिक्कर. नवशिके यावर सॉफ्ट ग्रेडचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी करणारा कागद उचलायचे. त्यात दोन्ही मावतं खरं, पण तोंडाला राख फासल्यासारखं दिसतं. गालाच्या हाडावरची चमक जाते, डोळ्यांतलं पाणी जातं. मला ते तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. कागद नॉर्मलच घ्यायचा आणि कष्ट हाताने करायचे. समजा चेहऱ्याला 12 सेकंद लागतात. तेवढे झाले की चेहऱ्यावर तळहाताची सावली धरून फेट्याला आणखी 8-10 सेकंद द्यायचे. हात सारखा हलता पाहिजे, नाहीतर कपाळावर रेघ उमटते. आणि जास्त झालं तर फेटा मळका दिसतो. लग्नातल्या फोटोत मळका फेटा कोण घेऊन जाईल?

दुसरी मागणी ठरलेली, "जरा उजळ करा की." उजेड कमी दिला की माणूस उजळतो, त्यात काही नाही. पण नाकाची कड आणि हनुवटी विरघळून जाते आणि पावडर थापलेला कुणी परका माणूस समोर येतो. मग घरचेच म्हणणार, "हे आमचं आबा न्हाईतच." बाबूराव पेंटरांचं गाव हे, हाताने रंगवलेली पोर्ट्रेटं भिंतीवर बघत मोठी झालेली माणसं, त्यांना चूक कुठे आहे ते सांगता आलं नाही तरी कळायची बरोबर. म्हणून मी कातडीची छटा आहे तशी ठेवायचो. काळेपणा उतरवणाऱ्या पोटॅशियम फेरिसायनाइडच्या अगदी पातळ पाण्यात बारीक ब्रश बुडवून फक्त डोळ्यांतला पांढरा भाग आणि गालावरची उजेडाची कड जराशी खुलवायची, लगेच पाण्याने धुवायची आणि प्रिंट परत हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणात घालायचा. गिऱ्हाईक खूश, आबाही आबाच.

कुंकवाचा घोळ तर बाहेरच्या माणसाला सांगूनही खरा वाटत नाही. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे लाल ते सगळं फोटोत काळं यायचं. कुंकू ठसठशीत, पण ओठही काळे आणि सावळी बाई आणखी सावळी. मग सगळे रंग दिसणारी पँक्रोमॅटिक फिल्म आली, चेहरे सुधारले आणि कुंकू गेलं. स्टुडिओतल्या पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल कुंकू आणि गव्हाळ कपाळ दोन्ही एकाच करड्या रंगात उतरायचं. सवाष्णीचा फोटो आणि कपाळ मोकळं! कोणती सासू तो भिंतीवर लावू देईल? त्यामुळे वाळलेल्या प्रिंटवर ब्रशने कुंकू लावणं हे रोजचंच काम होतं. टिकली गोल, चिरी उभी, हे आधी विचारून घ्यायचं.

बाकी सगळी हमाली. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट, सोडा, ब्रोमाइड तोलून डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं द्रावण, आम्हीच करायचो. तो 20 अंशांवर पाहिजे, आणि चैत्रात टाकीतलं पाणीच तापलेलं. मग मोठ्या ट्रेमध्ये बर्फ टाकून त्यात डेव्हलपरचा ट्रे ठेवायचा. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की एन्लार्जरचा (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा) बल्ब मंद, सकाळचे सेकंद संध्याकाळी निरुपयोगी. लाल दिव्यात प्रिंट असतो त्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून नवीन पोरगा घाबरून तो लवकर बाहेर ओढतो आणि बाहेर उजेडात बघतो तर फिक्का, मेलेला. कागद उटीच्या सरकारी कारखान्यातला 'इंदू' असो नाहीतर आगफाचा, मालक वाया गेलेला प्रत्येक तुकडा मोजायचा.

सगळ्यात घाईचं काम वारलेल्या माणसाचं. लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत नखाएवढा चेहरा, त्याची कॉपी काढून हार घालायला 12×15 इंची फोटो बाराव्याच्या आत द्यायचा. कॉपीत काळं-पांढरं आणखी कडक होतं, तिथे मात्र सॉफ्ट कागदच लागतो. हे एन्लार्जरपेक्षा जास्त पेन्सिलीचं काम.

एक गंमत सांगतो. उजेड न लागलेली चांदी कागदातून सुटून हायपोत उतरते, म्हणून वापरलेला हायपो फेकायचा नसतो. चांदी काढणारा माणूस येऊन तो विकत न्यायचा. चांदीच्या दागिन्यांची हुपरी आमच्याजवळच, चांदीला गिऱ्हाईक शोधायला लागायचं नाही.

आता शिकण्याचं. धंदा म्हणून नको. नव्वदच्या दशकात कलर लॅब आल्या तेव्हाच तो बसला. हौस म्हणून जरूर शिका. इलफोर्डचा मल्टिग्रेड कागद मिळतो, त्यात फिल्टर बदलून एकाच पाकिटात सॉफ्ट ते हार्ड सगळे ग्रेड होतात, आम्हाला प्रत्येकाचं वेगळं पाकीट ठेवावं लागायचं. चिमटे वापरा, डेव्हलपरमध्ये बोटं घालू नका. मेटॉलने कित्येकांच्या हातांना कायमची खाज लागलेली मी बघितली आहे. आणि पहिला फोटो फेटेवाल्या आजोबांचा काढणार असाल तर त्यांना भर उन्हात उभं करू नका. ओसरीच्या सावलीत बसवा, तिथे फेटा आणि चेहरा यांच्यातलं अंतर कमी होतं आणि डार्करूममधलं निम्मं काम वाचतं.