एअर-कूल्ड गाडी हायवेला चालवताना
भावा, पहिल्यांदाच पुणे-बेंगळुरू करतोयस तर एक ऐक, ३५० सीसीची एअर-कूल्ड (म्हणजे वाऱ्यानेच इंजिन थंड होणारी) बाईक ११० ला जाते म्हणून तासनतास ११० लाच ताणायची नसते, ८०-९० ला निवांत ठेव. चालत्या गाडीत इंजिनवरच्या फिन्सना (त्या पातळ पट्ट्यांना) वारा लागतो, खरी तापते ती खंबाटकीसारख्या घाटात ट्रकच्या मागे अडकलास की, तिथे वरच्या गिअरमध्ये रखडवू नको, सरळ गिअर पाडून चढव. आणि ऑइल! दर पेट्रोलला लेव्हल बघ, गाडी सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर दोन-चार मिनिटं थांबून. मी एकदा आळस केला, घरी येईपर्यंत लेव्हल पार तळाला, फार वाईट वाटलं. तापलेल्या इंजिनवर पाणी अजिबात ओतू नको, प्लीज.