वाचकांचे प्रश्न : पहिला डीएसएलआर, तीस हजारांत

प्रश्न : घरचे समारंभ, मुलांचे फोटो आणि अधूनमधून गड-किल्ले यांसाठी पहिला डीएसएलआर घ्यायचा आहे. जवळ ३० हजार रुपये आहेत. कोणतं मॉडेल घ्यावं? (सांगलीहून एक वाचक)

उत्तर : मॉडेलच्या आधी पैशांची वाटणी ठरवा. निदान १० हजार लेन्ससाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात वापरलेली बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, शोधा. कॅनन २००डी आणि निकॉन डी५३०० या दोन्हींत २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. १२ बाय १८ इंची अल्बमच्या पानाला तो पुरून उरतो, त्यामुळे मेगापिक्सेलच्या आकड्यांवरून निवड करू नका.

लेन्सचा आग्रह घरातल्या उजेडासाठी. ट्यूबलाइटच्या प्रकाशात किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी) ५५ मिमीपर्यंत झूम केली, की तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, एफ/५.६ हून मोठं होत नाही (एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं). आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० ठेवला तरी शटर साधारण १/२५ सेकंद उघडं राहतं आणि बारशात धावणारी पोरं फोटोत पुसट होतात. एफ/१.८ ची लेन्स जवळजवळ दसपट प्रकाश आत घेते, म्हणजे १/२५० सेकंद हाती लागतो. लेन्सवरचं आयएस किंवा व्हीआर तुमच्या हाताचा कंप सावरतं. समोरच्या माणसाची हालचाल त्याने थांबत नाही.

बहुतेक जण स्वस्त म्हणून ५० मिमी घेतात. पण या बॉडींचा सेन्सर लहान असल्याने दहा फुटांवरून चौकटीत जेमतेम साडेचार फूट रुंदी मावते. एकट्यादुकट्याच्या चेहऱ्याला ही लेन्स उत्तम, मात्र दिवाणखान्यातल्या घोळक्यापुढे तुमची पाठ भिंतीला टेकते. निकॉनची ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स तेवढ्याच अंतरावर पावणेसात फूट घेते. घरगुती समारंभच मुख्य असतील तर आमचा कौल हिलाच.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. ‘एएफ-डी’ लेन्स (स्वतःची मोटर नसलेली) त्यांवर बसते, फोकस मात्र हातानेच करावा लागतो. नावात ‘एएफ-एस’ (लेन्समध्येच मोटर) आहे का, ते बघूनच पैसे द्या. दुसरं, कॅनन १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू यांच्या हॉट शूला (वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेला) मधली पिनच नाही, त्यामुळे केवळ त्या पिनवर चालणारा साधा मॅन्युअल फ्लॅश पेटत नाही. पुढे स्वस्त फ्लॅश घ्यायचा विचार असेल तर जुना २००डी बरा.

उद्या मिररलेसकडे (आतला आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे) वळलात तरी कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून ऑटोफोकससह चालतात, म्हणजे लेन्सवरचा खर्च वाया जात नाही.

प्रश्न : वापरलेला कॅमेरा दुकानात कसा तपासावा? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : स्वतःचं कार्ड न्या आणि बॅटरी दुकानातच बाहेर काढून बघा. ती फुगून अडकत असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करा. मग एफ/१६ वर आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा, फोकस मुद्दाम बिघडवून फोटो काढा. धूसर ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण घासाघीस करायला कारण मिळतं. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे कण फोटोत उतरत नाहीत, त्यांची काळजी नको.

निकॉनमध्ये शटर किती वेळा चाललं तो आकडा मूळ जेपेग फाइलच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल चालत नाही, त्यात ही माहिती उरत नाही. डी५३०० चं शटर १ लाख वेळांपर्यंत तपासलेलं असतं. हा आकडा ३०-४० हजारांपर्यंत असेल तर बॉडी निर्धास्त घ्या. कॅननसाठी यूएसबी केबल आणि वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

लेन्स काढून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही उतरवली तरी अशी लेन्स घेऊ नका. काचेवरचा थर खाल्ला गेला असेल तर साफ करूनही डाग राहतात.

प्रश्न : कोकणात पावसाळ्यात कॅमेरा कसा ठेवावा? (चिपळूणहून एक वाचिका)

उत्तर : चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद करून अजिबात नको, त्यात ओल साठते. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर परतून कोरडे करा. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून उजेडात वापरा.