डबिंगला दुय्यम समजू नकोस

प्रिय,

नाटकात काम मिळत नाही म्हणून सध्या डबिंग करतेय, असं तू लिहिलंस. त्यातला ‘म्हणून’ मला फार खटकला.

हंगेरीत रंगभूमीवरचे मातब्बर नटच परदेशी चित्रपटांना आवाज देत आले. ‘फ्लिंटस्टोन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेचे संवाद योझेफ रोमहान्यी यांनी हंगेरियनमध्ये चक्क यमकांत रचले, आणि तिचा नायक फ्रेड याचा आवाज होता लास्लो चाकान्यी यांचा. असे संवाद पेलायला रंगमंचावर मुरलेलाच नट हवा.

द्युला साबो (१९३०–२०१४) त्याच परंपरेतले. नाटक, चित्रपट, रेडिओ सगळं केलं; पण घराघरांत पोचले ते अमेरिकन टीव्ही मालिकेतला पोलीस गुप्तहेर लेफ्टनंट कोलंबो याचा हंगेरियन आवाज म्हणून. कोलंबोचा एखादा भाग आवाज बंद करून बघ. चौकशी संपली, तो दाराकडे निघाला, खुन्याचा जीव भांड्यात पडला. इतक्यात कोलंबो साकारणारा पीटर फॉक थबकतो, हात कपाळाकडे जातो आणि तो मागे वळतो. डब करणाऱ्याला त्या वळण्यात विसराळूपणाचं सोंग आवाजात आणायचं असतं, आणि त्यामागची तल्लख नजर लपवायचीही असते. ओठ जुळवायला स्टुडिओत कुणीही शिकवेल. ती थांबायची जागा मात्र प्रेक्षकांसमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

हंगेरीतल्या केचकेमेत शहरातल्या स्टुडिओत तयार झालेल्या हंगेरियन लोककथांच्या कार्टून मालिकेतल्या कितीतरी गोष्टी साबोंनीच सांगितल्या. १९८० पासून पुढे तिचे १०० भाग झाले. भाषा कळली नाही तरी यातला एखादा भाग डोळे मिटून ऐक. इथे मागोवा घ्यायला पडद्यावर दुसरा नट नाही. गोष्टीचा सगळा भार सांगणाऱ्यावर. राजा आला की आवाजात जरासा ताठा येतो, पण सांगणारा माणूस तोच राहतो. गोष्ट सांगताना आजोबा जेवढे बदलतात, तेवढंच.

तू पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक पात्राला नवा घसा लावलायस. मेहनत दिसते, पण तू कुठेच ऐकू येत नाहीस. पुढच्या वेळी एकच लोककथा निवड, उभी राहून, स्वतःच्या आवाजात सांग आणि पाठव. आणि ती रविवारची तालीम सोडू नकोस. भूमिका दोन वाक्यांची असली तरी जा.

तुझे,
सर